विश्लेषण : दोन वर्षे नांगर विकलाच गेला नाही, तरी लक्ष्मणराव किर्लोस्कर थांबले का नाहीत?

बेळगावच्या एका छोट्या कारखान्यात १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. तो मजबूत होता, लाकडी नांगरापेक्षा खोल जात होता आणि माती उलथून टाकत होता. तरीही पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

हा नांगर बनवणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव आज पंप आणि इंजिनांमुळे नांदेड-लातूरच्या गावागावांत माहीत आहे. पण त्यांचे चरित्र सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितले जाते. जिद्द होतीच. मात्र नवे उत्पादन बाजारात आणताना कुठे पुढे जायचे, कुठे थांबायचे आणि कुठे मागे वळून दुरुस्ती करायची, या निर्णयांची गोष्ट म्हणूनही ते वाचता येते. आज मेकॅनिकलच्या आणि एमबीएच्या अभ्यासक्रमात ज्याला ‘स्टेज-गेट’ म्हणतात, ते या माणसाने ते नाव जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, स्वतःचे पैसे पणाला लावून केले.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा कारखानदार कसा झाला?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्रांशी कुणाचा संबंध नव्हता. मुलाला मात्र दोन गोष्टींची ओढ होती, चित्रे आणि यंत्रे. तो चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे काही काळाने लक्षात आले की त्याला काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. अंशतः रंगांधळेपणा असलेल्या माणसाला रंगचित्रात पुढे जाणे अवघड होते.

रेटून चित्रकार होण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. हात चांगला चालत होता, रेषेवर पकड होती. ज्या चित्रात रंग लागतच नाहीत, त्या यांत्रिक आरेखनाकडे ते वळले. मुंबईत तेव्हा नवी असलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, तिथे ते हाच विषय शिकवू लागले.

नोकरी बरी होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

तिथे त्यांच्यासाठी काहीच नव्हते असे मात्र नाही. नोकरीत असतानाच, १८८८ मध्ये, थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान सुरू केले होते. मुंबईत सायकल विकत घ्यायची, बेळगावला पाठवायची, रामूअण्णांनी ती विकायची. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेत, असे सांगितले जाते. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. पगार चालू असताना छोटा धंदा चालवून पाहायचा, ग्राहक आहे की नाही याचा अंदाज घ्यायचा आणि मग उडी मारायची. आजचे नवउद्योजक याला ‘पायलट’ म्हणतात.

स्टेज-गेट म्हणजे नेमके काय?

कॅनडातील प्राध्यापक रॉबर्ट कूपर यांनी १९८० च्या दशकात अनेक कंपन्यांच्या नव्या उत्पादनांचा अभ्यास करून ही पद्धत मांडली. त्याआधी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ‘नासा’मध्येही मोठे प्रकल्प टप्प्याटप्प्याने मंजूर करण्याची पद्धत होती. मूळ कल्पना सोपी आहे. कल्पना सुचण्यापासून माल बाजारात जाईपर्यंतचा रस्ता टप्प्यांत तोडायचा. प्राथमिक चौकशी, मग खर्च आणि बाजाराचा सविस्तर हिशेब, मग प्रत्यक्ष बनवणे, मग चाचण्या आणि शेवटी विक्री. प्रत्येक दोन टप्प्यांमध्ये एक तपासणी नाका.

नाक्यावर गाडी थांबतेच. तिथे चारपैकी एक निर्णय होतो. पुढे जायचे, काम कायमचे बंद करायचे, तूर्त रोखून ठेवायचे किंवा मागच्या टप्प्यात जाऊन दुरुस्ती करायची. सुरुवातीच्या टप्प्यांत खर्च कमी असतो, पुढे तो झपाट्याने वाढतो. त्यामुळे न चालणारी कल्पना जितक्या लवकर अडेल तितके बरे. कागदावर हे सगळ्यांना पटते. प्रत्यक्षात मात्र नाक्यावर लाल दिवा लावणारा कुणी नसतो, कारण कल्पना साहेबांची असते किंवा पैसे आधीच गुंतलेले असतात.

नांगराच्या आधी कडबा

सायकलींचा धंदा लक्ष्मणरावांना फार काळ पुरणारा नव्हता. तो माल दुसऱ्याने बनवलेला, आपण फक्त विकणार. त्यांना स्वतः काही बनवायचे होते. पहिले उत्पादन त्यांनी निवडले ते कडबा कापण्याचे छोटे यंत्र.

निवड वरवर साधी वाटते, पण ती हुशारीची होती. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला की जनावर पाला खाते आणि जाड धांडा तुडवून वाया घालवते. बारीक केला तर जवळपास सगळा पोटात जातो. दुष्काळी भागात या फरकाची किंमत काय, हे लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. शिवाय हे यंत्र गोठ्यात राहते. ते बिघडले तर विळ्याने किंवा कुऱ्हाडीने काम भागते, पेरणी चुकत नाही. म्हणजे घेणाऱ्याचा धोका कमी आणि फायदा त्याच दिवशी दिसणारा.

नांगराच्या बाबतीत हे सगळे उलटे होते.

लोखंडाने जमीन खराब होते, असे शेतकऱ्यांना का वाटले?

लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत तेव्हा होती. लक्ष्मणरावांच्या बहुतेक चरित्रांत ती अंधश्रद्धा म्हणून येते आणि विषय तिथेच संपतो. पण लाकडी नांगरालाही लोखंडी फाळ होताच. तो पिढ्यान् पिढ्या मातीत जात होता आणि त्याने जमीन नासत नव्हती. मग आक्षेप खरा कशाला होता?

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडला तर चित्र थोडे वेगळे दिसते. लाकडी नांगर गावचा सुतार बनवायचा, फाळ गावचा लोहार पाजवायचा. दोघांनाही सुगीला धान्याच्या रूपाने बलुते मिळायचे. नांगर मोडला तरी रोख पैसा लागत नसे आणि दुरुस्ती दारात होई. लोखंडी नांगर मात्र रोखीने घ्यायचा. त्याचा भाग तुटला तर गावच्या लोहाराला तो सांधता येत नाही, कारण तो बिडाचा आहे. (इथे बीड म्हणजे आपला शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. ते कडक असते, पण ठोकून वाकवता येत नाही, फटका बसला की तडकते.) सुटा भाग बेळगावहून येईपर्यंत मृग निघून गेला तर वर्ष गेले. त्यात हा नांगर जड. लाकडी नांगराला पुरणारी बैलजोडी याला पुरेलच असे नाही.

एवढा धोका समोर असताना नकार देणारा माणूस अडाणी म्हणता येत नाही. विषाची भीती हे त्या नकाराचे बोलायला सोपे रूप असावे.

लक्ष्मणरावांच्या नांगराने कारखान्यातले सगळे नाके पार केले होते. ओतकाम जमले, जोडणी जमली, नांगर चालला. अडला तो शेवटच्या नाक्यावर, आणि तिथे निर्णय घेणारा कारखानदार नव्हता, शेतकरी होता. हा नाका आधी कधीतरी यायला हवा होता, असे आज पुस्तक वाचून म्हणता येईल. पण तेव्हा पाहायला उदाहरणच नव्हते. शेतकऱ्यासाठी यंत्र बनवणारा मराठी कारखानाच जवळपास नव्हता.

दोन वर्षांत चारपैकी कोणता निर्णय घ्यायचा, हा प्रश्न रोज समोर असणार. बंद करण्याला पुरेशी कारणे होती. भांडवल तुटपुंजे, त्यातले बरेच अंगणात नांगराच्या रूपाने अडकलेले. त्यांनी बंद केले नाही, आणि आंधळेपणाने ढीगही वाढवत नेला नाही. इतर कामांवर कारखाना जगवत ठेवला आणि शेतकऱ्यांना पटवण्याचे काम चालू ठेवले.

कारण नांगराची गरज खोटी नव्हती. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण पालथी करत नाही. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या खाली खोल बसलेल्या असतात. वरवरच्या नांगरटीने त्या तुटतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतात. लोखंडी नांगराचे वाकडे पाते मातीचे ढेकूळ उचलून उलटे करते. मुळ्या वर येतात, एप्रिल-मेच्या उन्हात वाळतात. बेळगाव-सांगलीकडची काळी जमीन असो की मांजरा-गोदावरीच्या काठची, हे काम तेच. फायदा नक्की होता, फक्त तो दिसायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा जावा लागत होता. कडब्याच्या यंत्राप्रमाणे तो त्याच संध्याकाळी दिसत नव्हता. त्यामुळे शेजाऱ्याच्या रानात हरळी कमी झालेली पाहीपर्यंत दुसरा शेतकरी हलणार नव्हता. या उत्पादनाच्या चाचणीचा काळ हंगामाने ठरवला होता, कारखान्याने नव्हे.

फाळाचा कूट प्रश्न

बिडाचा नांगर बनवणाऱ्या कुणालाही फाळाचा प्रश्न सुटत नाही. फाळ मऊ ठेवला तर काळ्या मातीत आणि मुरमात लवकर झिजतो. फार कडक केला तर दगडाला लागून तुटतो.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर युक्ती काढून पेटंट घेतले. ओतताना फाळाची खालची बाजू एकदम थंड करायची, वरची सावकाश थंड होऊ द्यायची. खालची बाजू कडक होते, वरची तुलनेने मऊ राहते. चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि कडक धार आपोआप पुढे येत राहते. म्हणजे नांगर वापरातच पाजवला जातो. रॅन्सम कंपनीचे नांगर भारतातही येत होते. बेळगावच्या कारखान्याची स्पर्धा एका बाजूला गावच्या सुताराशी आणि दुसऱ्या बाजूला शंभर वर्षे हेच काम करत आलेल्या इंग्रजी कारखान्यांशी होती. विलायती मालाच्या तोडीचा आणि तरीही परवडणारा नांगर द्यायचा, तर ओतशाळेत पुन्हा पुन्हा मागे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे विक्री सुरू झाली आणि हळूहळू वाढत गेली. १९०५ नंतर स्वदेशीची लाट आली, तिचाही उपयोग झाला असणार. पण केवळ स्वदेशी म्हणून कुणी जड नांगर बैलांच्या मागे लावत नाही.

आज हा नाका कुठे आहे?

मराठवाड्यात आज नवे वाण किंवा नवे अवजार सरकारी वाटेने शेतापर्यंत येते तेव्हा त्याला असेच नाके लागतात. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. नांदेडचे कापूस संशोधन केंद्र याच विद्यापीठाचे. कपाशीचे गाजलेले ‘एनएचएच-४४’ हे संकरित वाण तिथले, ज्याला शेतकरी ‘नांदेड-४४’ म्हणत. लातूर-नांदेडच्या शिवारात दिसणारे ‘एमएयूएस-७१’, ‘एमएयूएस-१६२’ किंवा ‘एमएयूएस-६१२’ हे सोयाबीनचे वाणही परभणीचेच.

असे वाण आधी संशोधन केंद्राच्या प्लॉटवर तपासले जाते, मग वेगवेगळ्या ठिकाणच्या जमिनीत, मग प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या रानात. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक होते, तिला ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात. तिथे वाणे, अवजारे आणि शिफारशी मांडल्या जातात. काही मंजूर होतात, काहींना आणखी चाचण्या करून या असे सांगून परत पाठवले जाते. परत पाठवलेल्या शास्त्रज्ञाला वाईट वाटत असेल, पण ती चूक एका माणसाच्या फायलीत अडते, हजारो एकरांत पेरली जात नाही.

खासगीत अवजार बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला हे कवच नसते. लातूर किंवा नांदेडच्या एमआयडीसीत एखाद्या तरुणाने पेरणी यंत्र किंवा हळद काढणी यंत्र बनवले तर त्याचे नाके त्यालाच उभारावे लागतात. त्याची परिस्थिती १९०३ च्या बेळगावपेक्षा फार वेगळी नाही. हंगाम वर्षातून एकदाच येतो, पहिले यंत्र घेणारा शेतकरी बहुतेक वेळा ओळखीतला असतो आणि ते बंद पडले तर गावभर बातमी होते.

बेळगाव सुटले, किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

नांगर चालू लागला तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा हवी म्हणून कारखाना हलवायला सांगितले. ओतशाळा हलवणे म्हणजे दुकान हलवणे नव्हे. भट्टी, साचे, यंत्रे, कारागीर, सगळेच उपटावे लागते.

मदत आली ती औंध संस्थानातून. लक्ष्मणराव तिथे बांधकामाच्या कामानिमित्त जात. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, त्यामुळे चित्रकला सोडावी लागलेल्या कारखानदाराशी त्यांचे जमले यात नवल नाही. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि कर्जाचीही सोय केली. जमीन म्हणजे माळरान. निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई.

इथेही एक निर्णय दिसतो. रस्ता आणि पाणी असलेल्या एखाद्या शहरालगत जागा शोधता आली असती. पण नांगरासारखा जड माल दूरवर पाठवायचा तर रेल्वे दारात हवी. लातूरकरांना हे चटकन पटेल. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि त्यानंतरच इथल्या आडत बाजाराची भरभराट झाली. लक्ष्मणरावांनी पाण्यापेक्षा रुळाला महत्त्व दिले आणि पाण्याचे नंतर पाहिले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस मानला जातो. आज हे गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे आणि स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी आहे.

वसाहत उभी करणारी माणसेही पदव्या पाहून घेतलेली नव्हती. गावाची आखणी, व्यवस्था आणि आजाऱ्यांची देखभाल पाहणारे शंभूराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे, शाळा अर्धवट सोडलेले पण यंत्रात डोके चालणारे अनंतराव फळणीकर. रखवालीला दरोड्याची शिक्षा भोगून आलेली दोन माणसे होती. त्यांनी वाडी चोख सांभाळली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. १९१० च्या महाराष्ट्रात ही छोटी गोष्ट नव्हती, त्यावर स्वतंत्र लेख होऊ शकेल.

युद्धाने काय केले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगरांची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली. पण त्याच युद्धाने कच्चे लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. ग्राहक दारात आणि भट्टी थंड, अशी अवस्था. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. ही हकिकत पश्चिम महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितली जाते. ओतशाळेच्या दृष्टीने मात्र त्यात डोकेदुखीही असणार. वेगळ्या धातूचे मिश्रण आले की कडकपणा बदलतो आणि फाळाचा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ झाले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही भावंडे आली. साहित्याच्या इतिहासात या मासिकांना मोठी जागा आहे. पण सुरुवात झाली ती कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे पत्रक म्हणून. नांगर विकताना माणूस आधी पटावा लागतो, हा धडा घरातल्या सगळ्यांनीच घेतलेला दिसतो.

उत्पादनांची यादी लांबत गेली. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, उसाचे चरक, रहाट, लोखंडी फर्निचर. यातले शेतीचे प्रत्येक यंत्र आधीच्या ग्राहकाच्याच पुढच्या गरजेतून आलेले आहे. नांगरट झाली, आता पाणी कसे उपसायचे? ऊस आला, आता रस कसा काढायचा? १९२६ मध्ये मुलगा शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून इंजिनीअर होऊन परतला. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. स्वतः सायकल आणि सुट्या भागांवरून शिकलेल्या बापाने कारखान्याचा पुढचा टप्पा पदवीधर मुलाकडे जाऊ दिला. घरच्या धंद्यात हा नाका सगळ्यात अवघड असतो, अनेक कारखाने तिथेच बसतात.

१९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारी मैसूर किर्लोस्कर आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तोवर नांगराचे दिवस कलत आले होते आणि मोटेच्या जागी इंजिन-पंप येण्याचा काळ सुरू होत होता.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्यातला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.